हवा खाणारे सेल

साडेतीनला सरांच्या कानातलं मशीन बंद पडलं आणि घर पाण्याखाली गेलं. पडदा हलला, बशीवर कप टेकला, बाईंचे ओठ हलले. सगळं संथ, तळ्याच्या तळाशी चालल्यासारखं. एरवी सरांना ही अवस्था आवडायची. आज मात्र चार वाजता नात पहिल्यांदा रेडिओवर गाणार होती.

त्यांनी डबीतला नवा सेल घातला. मेलेला. दुसरा, तिसरा... सहाही मेलेले.

"अगं, यांच्यावरचे स्टिकर कुठे गेले?"

बाई जन्मभर दवाखान्याच्या भांडारात होत्या. आलेला माल सोलून, पुसून, रचून ठेवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी कागदावर लिहिलं, 'दोन महिन्यांपूर्वीच काढून ठेवले. तुमची बोटं थरथरतात ना!'

"अगं, हे हवा खाऊन चालतात! स्टिकर म्हणजे नाकातला बोळा. तो काढला की डबीतसुद्धा झिजत बसतात."

'मग दुसरी बॅटरी घाला.'

"एकटा असतो तो सेल. एकाला एक जोडले की बॅटरी! पस्तीस वर्षं शिकवलं कॉलेजात, घरात मात्र..."

दुकान चारनंतर उघडणार. घरात ताजे सेल होते ते फक्त रेडिओत. व्होल्टही जवळपास तेवढेच! सरांनी दाराच्या घंटीची वायर कापली, रेडिओतला एक सेल काढून खिशाला चिकटवला, वायरी मशीनला जोडल्या. नळाचा थेंब वाजला. चिमणी बोलली. सर हरखले.

"चार वाजले! रेडिओ लाव."

"लावलाय कधीचा."

"मग?"

"त्यातलाच काढलात ना तुम्ही?"

"एकच काढला, अजून तीन..." एवढं बोलून सर थांबले. एक कडी निसटली की साखळी संपली, हे चित्र त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं होतं! आता सगळं लख्ख ऐकू येत होतं आणि ऐकायचं तेवढं गप्प होतं. सेल परत घालावा, तर नात गाणार आणि आपण पुन्हा तळ्यात.

सरांचा चेहरा बघून बाई शेजारी येऊन बसल्या. महिनाभर फोनवर नातीचा सराव ऐकून गाणं त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. सूर इकडेतिकडे भटकत होते. उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत सरांच्या पावलांवर आला. सरांना वाटलं, हे असंच चालावं.

फोन वाजला. नातीचा. ती काही बोलायच्या आत सर म्हणाले, "ऐकलं बरं का! जरा बेसूर होतं, पण जीव ओतलास!" खोटं बोलतोय असं त्यांना मुळीच वाटलं नाही.



"आजोबा, कार्यक्रम लांबलाय, हेच सांगायला फोन केला. माझं गाणं पाचला आहे."

सरांनी हळूच मागे पाहिलं. बाईंनी डोळे उघडले होते. त्यांचे कान पहिल्यापासून तिखट.

सरांनी फोन ठेवला आणि "दुकान उघडलं असेल, सेल आणतो," म्हणत ते चपला शोधू लागले.