माईच्या साडीचा रंग

मुलांनो, मोबाइल पालथे घाला आणि नीट बसा. एका जंगलात, फार लांबच्या नव्हे, म्हाताऱ्या प्राण्यांची संख्या बेसुमार वाढली होती. हे म्हातारे रोज संध्याकाळी जमत आणि जुन्या दिवसांची आठवण काढत. त्यांना दुसरं काम नव्हतं. एक दिवस तुम्हालाही नसेल, तेव्हा हसू नका.

आठवण काढायची ती 'हसती ढोली'ची. ही टीव्हीवरची मालिका. त्या काळी जंगलात एकच टीव्ही होता, वाघमहाराजांच्या गुहेत, आणि तोही काळा-पांढरा. मालिकेत खारींचं एक कुटुंब होतं. दादा वेंधळे, पोरं वात्रट, आणि माई सगळ्यांना सांभाळून घेणारी. दादांनी घोळ घातला की माई पदराला हात पुसत म्हणे, "असू दे, आधी जेवून घ्या." की सगळी गुहा खो खो हसे. वाघ शेजारच्या हरणाकडे बघतसुद्धा नसे. वानर तेवढं बाहेर झाडावर अँटेना धरून बसलेलं असे. त्याने एकही भाग पाहिलेला नाही. आता त्यालाच सगळ्यांत जास्त आठवतं.

माईचं काम केलेली खार अजून हयात होती. वेणूताई तिचं नाव. टेकडीवरच्या वठलेल्या सागात एकटीच राहायची. गुडघे पार गेले होते. पाण्यासाठी ओढ्यापर्यंत उतरायचं आणि पुन्हा चढायचं, यातच तिचा दिवस सरे. ओढ्याकाठच्या जांभळीत एक ढोली रिकामी होती, पण ती कुणाला द्यायची हे महाराजांच्या हातात. तिच्याकडे बघून वेणूताई रोज म्हणे, "देवा, एवढी मिळाली तर सुटले रे बाबा."

एका संध्याकाळी अस्वल म्हणालं, "काय ती माई! आणि काय ती तिची काळी चंद्रकळा!"

"काळी?" पोपट तडकला. "डोळे तपासून घ्या. चांगली पोपटी होती."

"मोरपंखी," मोर म्हणाला आणि पुरावा म्हणून वळून दाखवू लागला.

वाघमहाराजांना नारिंगी आठवत होती, काळ्या पट्ट्यांची. तसली साडी कुणी नेसत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?

टीव्ही काळा-पांढरा होता, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. झालं! जुंपली. माईसारखं सांभाळून घ्यायला शिका, असं एकमेकांना ओरडून सांगत सगळे एकमेकांच्या अंगावर धावले. मोराची निम्मी पिसं गेली.

शेवटी महाराजांनी दवंडी पिटवली. वेणूताईंना बोलवा. त्या खरा रंग सांगतील. सांगितला, की जांभळीतली ढोली त्यांची.

वेणूताईने शेपटी विंचरली आणि ती लंगडत सभेत आली. सगळे उठून उभे राहिले. कित्येकांचे डोळे पाणावले. तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या दाराशी कुणी फिरकलं नव्हतं.

"सांगा माई," महाराज म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या पट्ट्यांवरून सावकाश पंजा फिरवला.

वेणूताईने पट्टे पाहिले. तिचा गुडघा ठणकला. नारिंगी म्हणायला तिचं काय जात होतं? पण बाई साधी, आणि प्रेमाने विचारलं की खरं सांगावं अशी तिची समजूत.

"अहो, साडी कसली? दादांचं जुनं धोतर होतं ते," ती म्हणाली. "पांढरं कॅमेऱ्यात चमकायचं, म्हणून चहाच्या पाण्यात उकळलेलं. दर भागाला तेच. वास मारायचा नुसता."

उभे राहिलेले सगळे एकेक करून खाली बसले.

"आणि दादा?" हरणाने भीत भीत विचारलं. "दादा कसे होते हो?"

"चांगले असतील. आमचं बोलणं नव्हतं."

अस्वल मोठ्याने रडू लागलं. पोपट किंचाळला, "ही माई नव्हेच! माई कधी कुणाचं मन मोडायची नाही!"

हे सगळ्यांना एकदम पटलं. कितीतरी दिवसांनी जंगलाचं एकमत झालं. महाराजांनी निकाल दिला, की ही बाई तोतया आहे, खऱ्या माईंना शोधून आणा.

तेवढ्यात फांदीवरून एक सरडा उतरला. नसलेल्या पदराला त्याने हात पुसले आणि तो म्हणाला, "असू दे, आधी जेवून घ्या." अस्वलाकडे बघताना तो काळा झाला, पोपटाकडे बघताना पोपटी. महाराजांसाठी त्याने पट्टेसुद्धा काढून दाखवले. सगळे हमसून हमसून रडले. वेणूताईही रडली. काम छान करत होता मेला. तिला स्वतःला ते वाक्य इतकं झकास कधी जमलं नव्हतं.

जांभळीतली ढोली सरड्याला मिळाली. सरड्याला पाणी फारसं लागत नाही, त्याचं दवावर भागतं.

दुसऱ्या दिवशी वेणूताई पाण्याला आली, तर ओढ्याकाठी ही गर्दी. गर्दीतून अस्वलाने तिला हाक मारली. तिला वाटलं, ओळखलं वाटतं.

"आजी, मध्ये घुसू नका," अस्वल म्हणालं. "माईंच्या दर्शनाची रांग आहे."

तात्पर्य : जुन्या दिवसांची आठवण मनसोक्त काढावी. फक्त त्या दिवसांतलं कुणी जिवंत असेल, तर त्याला बोलावू नये.