उणे अठराची लिपस्टिक

मोठ्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी त्याला विचारायला हवं. मी दत्ताराम काकांना विचारलेलं नाही. शिवाय आमच्या घरात अर्ज सोडला तर कोणी कधी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला. तेव्हा काही चुकलं तर आधीच माफी मागतो. पण काकांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवावं असं मला फार दिवस वाटत होतं.

तर, दिवाळी संपली की दत्ताराम काका अर्ध्याच चेहऱ्याला क्रीम लावतात.

डाव्या अर्ध्याला. उजवा कोरडा ठेवतात. परळच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहतात, एकटेच. थंडीच्या दिवसांत ते गॅलरीतून चालत आले की डावीकडून लग्नाला निघालेले वाटतात आणि उजवीकडून लग्न मोडून परत आलेले.

"काका, उरलेला अर्धा कधी?" असं कोणी विचारलं की ते शांतपणे सांगतात, "तो तसोच ठेवक होयो. नायतर फरक कसो कळतलो?"

आता मुंबईत थंडी ती कसली! आमच्याकडे पंखा एकवर आणला की हिवाळा आला. पण काकांची थंडी खरी असते. ते माझगावला मासळीच्या शीतगृहात कामाला आहेत. आत उणे अठरा. जाडं जाकीट आणि कानटोपी घालून आत जायचं, खोकी रचायची, बाहेर यायचं, पुन्हा आत. बारा महिने. त्यामुळे थंडीतल्या क्रीमवर बोलायचा हक्क या शहरात फक्त आपल्याला आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. मला ते पटतं.

खालच्या मजल्यावरची पिंकी एकदा कौतुकाने नवीन क्रीम घेऊन आली. काकांनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि डबी परत दिली.

"ह्यात पाणी जास्त. गार वाऱ्यात तुझी कातडी वडून धरतला. दाट काय तरी घे गो, पापलेटासारखा."

"काका, मी तोंडाला लावायचं विचारतेय, तळायचं नाही."

"ताच सांगतंय."

माशांशिवाय त्यांना उदाहरण सुचत नाही. मॅट लिपस्टिक म्हणजे सुकट. चकाकणारी म्हणजे ताजो बांगडो, दिसता झकास पण टिकत नाय. गालाला लावायची पावडर म्हणजे खवले, थंडीत सुटून पडतात. म्हणून लाली घ्यायची तर मलमासारखी, बोटाने पसरवता येईल अशी. फाउंडेशनच्या आधी दहा मिनिटं क्रीम मुरू द्यायचं, माशाला मीठ-हळद लावून ठेवतात तसं. पिंकी हसली खरी, पण पुढच्या लग्नात तिने तसंच केलं आणि सगळ्यांनी तिला विचारलं, पार्लर कुठलं?

सगळ्यांत पहिला नंबर मात्र दरवर्षी मुठेलचा. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. गावाहून त्याचा गोळा येतो. "पयलो नंबर ठरलेलो," काका म्हणतात. "बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी भांडूचा."

एकदा ते डबा घरी विसरले म्हणून मी तो घेऊन माझगावला गेलो. काका शीतगृहाच्या दारातून बाहेर आले. भुवयांवर बर्फाचा भुगा, आणि ओठांना जांभळट लिपस्टिक. मी डबा धरून तसाच उभा राहिलो.

एक हमाल ओरडला, "दत्ता, आज साखरपुडा कोणाचा रे?"

दुसरा म्हणाला, "गप रे, वहिनी लाजतायत."

काकांनी खिशातून छोटा आरसा काढला, ओठ ताणून पाहिले आणि मला म्हणाले, "चार फेऱ्यो झाल्यो. अजून तडकली नाय. लिव."

मी बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं. हसायचं मला सुचलंच नाही. एवढ्या हसणाऱ्या माणसांमध्ये कोणी इतकं निवांत उभं राहू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हे सगळं कशासाठी, ते चाळीत सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही.

काकांना एकच मुलगी, वैशालीताई. काकी गेल्यावर काकांनीच तिला वाढवलं. बारावीनंतर तिला लोअर परळच्या मॉलमध्ये मेकअपच्या काउंटरवर नोकरी लागली. पहिल्या दिवशी ती काळा ड्रेस घालून, लाल लिपस्टिक लावून गॅलरीत आली. काका समोरून आले, खिशातून रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर तिचे ओठ पुसले. "तोंड रंगवून उभी रवतलस?" एवढंच म्हणाले. मी तेव्हा सातवीत होतो. रुमालावरचा तो डाग मला अजून दिसतो.

ताई तशाच पुसलेल्या ओठांनी कामाला गेली. दोन वर्षांनी मॉलमधल्याच एका हिमाचलच्या मुलाशी तिने लग्न केलं आणि सिमल्याच्या वर कुठल्याशा गावात राहायला गेली. तेव्हापासून एक फोन नाही.

तिथे बर्फ पडतो, हे काकांना तिच्या मैत्रिणीने, रेश्माने सांगितलं. रेश्मा अजून त्याच काउंटरवर आहे. पत्ता तिनेच दिला. काका दर नोव्हेंबरला मला घेऊन तिच्याकडे जातात. डब्यांवरचं बारीक इंग्रजी मी वाचतो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून उभे राहतात आणि गंभीरपणे विचारतात, "ही उणे अठराला तडकता काय?" बाकीच्या मुली तोंडावर हात धरतात. रेश्मा मात्र म्हणते, "काका, ते तुम्हीच आम्हाला सांगायचं."

मग महिनाभर परीक्षा. जे पास होतं त्याचं पार्सल सिमल्याला जातं, वर एक यादी. काका सांगतात, मी लिहितो. एक, मुठेल, अंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असताना. दोन, ओठांचं मेण, घराबाहेर पडताना. तीन, लाली मलमाची. चार, लिपस्टिक, जांभळट.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "काका, खाली काही लिहू? कशी आहेस वगैरे?"

"नको. ही यादी हा. पत्र नाय."

शीतगृहात फोन चालत नाही, थंडीने बॅटरी मरते. म्हणून पार्सलवर नंबर माझा असतो. पार्सल पोहोचलं की मला कुरियरचा मेसेज येतो. मी काकांना सांगतो, "पोचलं." ते विचारतात, "आणि?" मी म्हणतो, "एवढंच." तीन हिवाळे असंच चाललं. त्यांचं ते "आणि?" ऐकायला लागू नये म्हणून यंदा मी दोन दिवस त्यांना टाळणार होतो.

पण त्याआधी मी एक आगाऊपणा केला. यादीच्या खाली, काकांना न सांगता, मी माझ्याकडून लिहिलं: "ताई, यातलं सगळं काकांनी आधी स्वतःच्या तोंडाला लावून, उणे अठरात जाऊन पाहिलं आहे. लिपस्टिकसुद्धा. सिद्धू." आणि पाकीट लगेच चिकटवून टाकलं.

पार्सल पोहोचल्याचा मेसेज आला. मग आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी दुपारी कॉलेजच्या जिन्यात असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सिद्धू ना रे?"

आवाज मी ओळखला.

"लिपस्टिकसुद्धा?" ताईने विचारलं.

"हो ताई. चार फेऱ्या."

ती हसली. नंतर तिने जे सांगितलं ते ऐकून मी पुढचं लेक्चर सोडलं आणि बस पकडून थेट माझगावला गेलो.

काका आत होते. वॉचमनने निरोप पाठवला. दार उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली, तिच्यामागून काका आले. मला अवेळी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय रे? काय झाला?"

"काका, ताईचा फोन आला होता. तिला मुलगी झालीय. साडेतीन महिन्यांची आहे. बर्फात तिचे गाल फुटतायत. ताई म्हणाली, बाबांना विचार, एवढ्या लहान बाळाला काय लावू?"