सबनीसांची वीस बोअर

सबनीसांनी एकदा दुबईत, करामातल्या हॉटेलात डोसा मोजला होता. मेनूकार्डावर ‘दोन फुटी फॅमिली डोसा’ असं छापलेलं. डोसा टेबलावर आला, सबनीसांनी खिशातून स्टीलचा टेप काढला आणि सर्रकन ताणला. बावीस इंच! मग मॅनेजरला बोलावणं, ‘‘हा काय बावळटपणा आहे?’’ हे ठेवणीतलं वाक्य, मॅनेजरचं हात जोडणं. एवढं होईस्तोवर डोसा गारढोण झाला आणि तो मला गिळावा लागला. त्याचा राग मला अजून आहे.

अजमानला आम्ही समोरासमोर राहायचो आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एकाच कारखान्यात एसीचे डक्ट बनवायचो. ते एस्टिमेशनला, मी पर्चेसला. येणं-जाणं त्यांच्या गाडीतून. म्हणजे रोज तीन तास मी त्यांचा राग ऐकायचो. सिग्नलवर राग, रेडिओवर राग. उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं, हा तिथल्या सूर्याचा दोष. पण त्याबद्दलही सबनीस वॉचमनला फैलावर घ्यायचे. सहा फूट उंची आणि त्याला साजेसा आवाज. कुठलाही वाद ‘‘खलास!’’ म्हणून संपवायचा, तोही स्वतःच.

पण एकदा त्यांनी जे केलं ते मला हसण्यावारी नेता आलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी केतकी एकोणीस वर्षांची, तिथेच वाढलेली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती एका शूटिंग क्लबात गेली. तिथे यंत्र मातीची बशी हवेत भिरकावतं आणि ती आपण छऱ्यांच्या बंदुकीने उडवायची. केतकीने पहिल्याच दिवशी दहातल्या सात उडवल्या. पुढच्या शुक्रवारी सबनीसांना पत्ता लागला. मला गाडीत कोंबून ते क्लबात गेले आणि वीसेक माणसांसमोर, ती बंदूक धरून उभी असताना, ओरडले, ‘‘पोरीच्या जातीनं बंदूक? हा काय बावळटपणा आहे?’’ दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. ‘‘यू हॅड नो राइट टू इन्सल्ट मी देअर.’’

त्यानंतर तिने बापाशी बोलणं बंद केलं. दोन दिवस नव्हे, महिना उलटला तरी. तीन माणसांचं घर, त्यात जेवताना ‘‘आई, टेल हिम टू पास द सॉल्ट’’. वहिनी मधल्यामध्ये रडकुंडीला यायच्या. मी सबनीसांना गाडीत स्पष्ट सांगितलं, ‘‘चूक तुमची आहे. सॉरी म्हणा.’’

‘‘बाप सॉरी म्हणत नसतो. खलास!’’

मी चार दिवस बसने गेलो.

पाचव्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी सकाळी बेल वाजली. दारात सबनीस, हातात टेप. ‘‘यल्ला, चला. बंदूक घ्यायचीय.’’

‘‘कुणासाठी?’’

‘‘माझ्यासाठी! का? मला छंद नसावा?’’

आठवड्यातली एकुलती एक सुट्टी, आणि असे माझे चार शुक्रवार त्यांनी खाल्ले. बंदुकीच्या दुकानातला मल्याळी सेल्समन स्वभावाने गरीब. त्याने हिंदीत विचारलं, ‘‘सर, क्ले के लिए या शिकार के लिए? ये वाली में दोनों होगा. खरगोश, तीतर...’’

‘‘खरगोश?’’ सबनीस माझ्याकडे वळून कडाडले, ‘‘सशानं काय घोडं मारलंय माझं?’’

मग बोअरवरून जुंपली. वीस बोअरची नळी बारा बोअरहून बारीक, हे त्यांच्या गळी उतरेना. सेल्समनने समजावलं, की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकीची जाडी ती बारा बोअर, आणि वीस केल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा मोठा, तर नळी लहान. ‘‘उद्या मी वीस इंची डक्ट बारा इंचीच्या आत बसवतो, चालेल?’’ सबनीस म्हणाले. त्या माणसाला चहा पाजावा असं मला वाटत होतं.

शेवटी टेप निघाला. बंदुकीच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं. ‘‘साडेचौदा. लांब आहे. साडेतेरा पाहिजे.’’

‘‘सर, आपका हाथ लंबा है. आपको पंद्रह लगेगा.’’

‘‘साडेतेरा बोला ना! हात मेरा है की तुम्हारा?’’

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो गुडघ्यापर्यंत पोचेल असा हात. साडेतेरा इंचांत बसणारा हात त्यांच्या घरात एकच होता, आणि त्या हाताची मालकीण त्यांना मीठसुद्धा मागत नव्हती. ‘‘हे माप आणलंत कुठून?’’ एवढंच मी गाडीत विचारलं. ‘‘तिचा कुडता दोरीवर वाळत होता,’’ असं खिडकीबाहेर बघत म्हणाले आणि पुढच्या टॅक्सीवाल्यावर हॉर्न धरून बसले.

क्लबच्या भाड्याच्या बंदुका घेऊन त्यांनी दोन्ही बोअरचे पंचवीस-पंचवीस बार काढले. बशी एकही फुटली नाही. पण त्यांचं लक्ष बशीकडे नव्हतंच. गाडीत बसून शर्टाची बटणं सोडली आणि स्वतःचा खांदा मला दाखवला. ‘‘बारावाली नको. डाग पडतो.’’ खांदा काळानिळा झाला होता.

अखेर वीस बोअरची दुनळी ठरली. काडतुसं हलकी घ्यायची, दस्ता कापून साडेतेरावर आणायचा. सेल्समनने किंमत सांगितली. आमच्याकडे दिरहमचा आकडा ऐकला की तोंडातून आपोआप रुपये निघतात. सबनीसांनी रुपये केलेच नाहीत. त्यांना मी असं पहिल्यांदाच पाहत होतो.

परमिट झालं. त्यावर नेमबाज म्हणून केतकीचं नाव. बंदूक क्लबातच ठेवायची असा नियम होता. दसरा त्या वर्षी शुक्रवारी आला. ‘‘तिला म्हणावं, क्लबवर ये,’’ असा निरोप वहिनींमार्फत गेला. तिला घेऊन वहिनी पोचल्या, तेव्हा केतकीचं तोंड फुगलेलंच होतं.

सबनीस आणि मी तासभर आधी गेलो होतो. दसऱ्याला हत्यारांची पूजा आपल्या अंगवळणी पडलेली. कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनलाही आम्ही हार घालायचो. सबनीसांनी बंदुकीला गंध लावलं, झेंडू वाहिला, कुंकवात कालवलेल्या ओल्या अक्षता टाकल्या. रॅकमध्ये बंदुका नळी वर करून उभ्या असतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रेंजचे प्रमुख खानसाहेब, पेशावरचे निवृत्त सुभेदार. केतकीच्या हातात देण्यापूर्वी त्यांनी बंदूक मधून दुमडून उघडली, नळीतून उजेड बघितला आणि त्यांचा आवाज चढला.

‘‘नली में चावल? किसने डाले? फट जाती तो बच्ची का हाथ जाता! आज ही परमिट कैंसल करवाता हूँ!’’

आजूबाजूची वीसेक माणसं वळली. मी दोन पावलं मागे सरलो. आता ‘बावळटपणा’ येणार आणि केतकीची बंदूक जाणार, हे मला दिसत होतं.

सबनीस पुढे झाले. मान लालबुंद, कपाळाची शीर ताठ. त्यांनी हात जोडले.

‘‘गलती मेरी है, खानसाहब. लडकी को मत रोकिये. मैं माफी मांगता हूँ.’’

खानसाहेब थांबेनात. अनपढ म्हणाले, जाहिल म्हणाले. सबनीस मान खाली घालून ऐकत राहिले. मला खानसाहेबांचा संताप आला, आणि त्यांचं बरोबर होतं याचा त्याहून जास्त.

केतकी मधे आली. ‘‘बस, अंकल. ही इज माय फादर.’’ तिने साफ करायची सळई घेतली, नळीत घातली. लाल अक्षता तिच्या तळव्यावर पडल्या. त्या ती बघत राहिली. मग मान वर न करता, स्वच्छ मराठीत म्हणाली,

‘‘बाबा, दुसऱ्या नळीत पण टाकल्यात का?’’

‘‘मग?’’ सबनीस खेकसायला गेले, पण आवाज निम्माच निघाला. ‘‘एकीला टाकायच्या आणि एकीला नाही?’’