विहीणबाईंच्या गजऱ्यातला रातकिडा

कीटकांच्या शरीरक्रियेवर संशोधन करणाऱ्या माणसाच्या घरात कीटक सुटूच शकत नाही! थंडीत रातकिड्याच्या नसा-स्नायू संप पुकारतात आणि तो मेल्यागत पडतो. ऊब मिळाली की उठतो. किती वेळात उठतो, हेच मी मोजतो. म्हणून लेकीच्या, शांभवीच्या, साखरपुड्यादिवशीही मी माझे रातकिडे किलकिल्या झाकणाच्या डब्यात घालून घरच्या फ्रीजमध्ये निर्धास्त ठेवले. मोगऱ्याच्या गजऱ्यांशेजारी.

"आणि वीज गेली तर?" जयलक्ष्मीनं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"शास्त्र मला शिकवू नकोस!"

वीज गेली. फ्रीज कोमटला. वीज परत येऊन फ्रीज गार झाल्यावर पाहतो तो डबा रिकामा! सगळे गडी भाजीच्या कप्प्यात पुन्हा आडवे झालेले सापडले. एक सोडून. आणि गजरे तर दारातच पाहुण्या बायकांना वाटून झाले होते!

सर्वांत लांब गजरा अर्थातच तिरुवैयारूच्या विहीणबाईंना, हिराबाईंना. पाल चुकचुकली म्हणून दोन स्थळं मोडलेल्या बाई! त्या सतरंजीवर टेकल्या आणि अंबाड्यातून आवाज आला, "किर्रर्र!"

"काय हो ते?" त्यांनी डोळे बारीक केले. माझ्या लेकीचं लग्न डोळ्यांदेखत मोडलं असतं!

आमच्याकडे, तमिळ मुलखात, मुहूर्ताला शिंकबिंक कानी पडू नये म्हणून नादस्वर-तविलवाले, म्हणजे सनई-ढोलवाले, 'गेट्टिमेळम' अशी हाक आली की एकदम जोरात वाजवतात. मी बोट वर केलं. "गेट्टिमेळम!"

तविल कडाडलं. थांबलं की पुन्हा किर्रर्र. "गेट्टिमेळम!" डोक्याच्या उबेनं पठ्ठ्या द्रुत लयीत गेला, मागोमाग मीही! नादस्वरवाल्याचे डोळे बाहेर यायचे बाकी.

"अहो, अजून लग्न ठरल्याची पत्रिका वाचायचीय!" भटजी ओरडले. ऐकतो कोण? मेळ वाजला म्हणजे मुहूर्त! पाहुण्यांनी अक्षता उधळल्या, व्याह्यांनी घाईघाईनं माझ्याशी तांबूलाची ताटं बदलली, म्हणजे साखरपुडा पक्का!

"अय्यो, झालं सुद्धा?" हिराबाई म्हणाल्या. "नवरामुलगा, आमचा रघुराम, अजून पापनाशमच्या बसमध्ये की हो! पण येवढा मेळ कुणाकडे वाजला नाही. शुभ आहे!"

शांभवी हसून हसून रडत होती. मला तर नाचावंसं वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईंचा फोन आला. "संबंदी, अहो व्याही, तुमच्या गजऱ्यातनं रातकिडा निघाला! रात्रभर डोळा नाही. सून सावकाश येऊ दे, आधी हा गवई घेऊन जा!"

माझा जीव भांड्यात पडला. लग्न शाबूत, रातकिडाही शाबूत! शहाण्यानं तिथंच फोन ठेवला असता. पण मी विचारलं, "मिनिटाला किती वेळा ओरडतो, मोजलंत का हो?"

तेव्हापासून व्याह्यांकडचे फोन जयलक्ष्मीच घेते.