कुर्लीचं बीळ आणि गव्याचा पाय

एका जंगलात एक तळं होतं, बाळांनो. 'होतं' म्हटल्याबरोबर तोंडं पाडू नका. कुठलीही गोष्ट 'होतं'पासूनच सुरू होते.

त्या जंगलात प्रत्येक ढोलीत, गुहेत आणि जाळीत एकेक टीव्ही होता. टीव्ही कुठून आला, वीज कुठून आली, असले प्रश्न विचारायचे नाहीत. गोष्टीतले प्राणी माणसासारखे बोलतात ते तुम्हाला चालतं ना? मग टीव्हीही चालवून घ्या.

तळ्याच्या एका अंगाला मातीचा बांध होता. त्या बांधात कुर्ल्या राहायच्या. कुर्ली म्हणजे आपली खेकडीण. ओली माती दिसली की ती बीळ पाडते. तिला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते ती फार मन लावून करते.

रोज संध्याकाळी गव्यांचा कळप त्याच बांधावरून पाण्यावर यायचा. गवा म्हणजे रानातला बैल, पण आपल्या बैलाच्या दुप्पट. त्यांच्या पावलांची धमधम ऐकू आली की कुर्ल्या बिळातून बाहेर येऊन बाजूला उभ्या राहायच्या. गवे चालून गेले की बिळं बुजलेली असायची. कुर्ल्या सकाळी पुन्हा नवी पाडायच्या. कुर्ल्यांनी पाडायची आणि गव्यांनी तुडवायची, असं शेकडो वर्षं चाललं होतं. यासाठी कुणी समिती नेमली नव्हती, म्हणून ते नीट चाललं होतं.

मग कोतवालाने कार्यक्रम सुरू केला.

कोतवाल हा काळा पक्षी. शेपूट मागून दुभंगलेली, त्यामुळे कायम कोट घातल्यासारखा दिसायचा. त्याला कुठल्याही पाखराचा आवाज हुबेहूब काढता येतो. एवढ्या भांडवलावर त्याने कार्यक्रम काढला, 'पाणी कुठं मुरतंय?' वेळ रोज संध्याकाळची.

पहिल्या महिन्यात त्याने घुबडाचा शोध लावला. घुबड दिवसा डोळे मिटून नक्की कुणावर नजर ठेवतं? एक साक्षीदार अंधारात बसवला होता. चेहरा दिसत नव्हता, आवाज बदललेला होता. त्या काळ्या आकृतीला मागे दुभंगलेली शेपूट होती. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण खाली मोठ्या अक्षरांत 'खळबळ!' असं लिहिलं होतं.

कार्यक्रम भलताच रंगला. कळपाचा म्होरक्या होता भैरू गवा. त्याने संध्याकाळी पाण्यावर जाणं सोडलं. म्होरक्या जात नाही म्हटल्यावर कळपही जाईना. सकाळी घाईघाईने अलीकडच्या उतारावर दोन घोट प्यायचे आणि कालचा भाग पुन्हा दाखवतात तो गाठायला परत फिरायचं, असा नेम झाला. बांधावर पाय पडेनासा झाला.

पाय पडेना, म्हणून बिळं बुजेनात. सगळ्यात खालचं बीळ एका कुर्लीचं होतं. ते पाण्याच्या धारेने रुंदावलं, मग आरपार गेलं. बांधामागे घाणेरीचं रान माजलं होतं. त्या काट्यांतून पाणी गुपचूप खडकाळीत उतरून जाऊ लागलं.

तळं हातभर खाली गेलं तेव्हा जंगलात कुजबुज सुरू झाली. कोतवालाने ताबडतोब घुबडाला सोडून दिलं.

"प्रेक्षकहो, तळ्याचं पाणी जातंय कुठे? आम्ही काहीही म्हणत नाही. आम्ही फक्त विचारतोय!"

पहिल्या आठवड्यात त्याने असं फक्त विचारलं की, पलीकडच्या जंगलातले हत्ती सोंडेला सोंड जोडून आपलं पाणी ओढत नाहीत कशावरून? दुसऱ्या आठवड्यात त्याने चांदोबाला धरलं. चांदोबा रोज तळ्यात दिसतो. तो तिथे काय करतो? तो वाढतो तेव्हाच पाणी कमी का होतं? तो घटतानाही पाणी कमीच होत होतं, पण त्या दिवसांत हत्तींचे भाग पुन्हा दाखवले गेले.

जंगलात दोन तट पडले. हत्तीवाले आणि चांदोबावाले एकमेकांकडे पाठ करून पाणी पिऊ लागले. बांधामागे जाऊन कुणी पाहिलं नाही. तिथे काटे होते.

खरी गोष्ट एका कुर्लीला ठाऊक होती. बीळ तिचंच होतं.

तिच्या पोटाखाली चाळीस पिलं चिकटलेली होती, बाजरीच्या दाण्याएवढी. कुर्लीची पिलं आईच्या पोटाशी, पाण्याच्या ओलीतच वाढतात. ओल गेली तर पिलं गेली. तिने भोकात माती लोटून पाहिली. धारेने ती वाहून नेली. दगड लोटला. तोही गेला. हे काम तिच्या नांगीचं नव्हतंच. गव्याच्या एका पायाचं होतं.

ती तिरकी तिरकी चालत कोतवालाच्या स्टुडिओत पोचली. जंगलातले झाडून सगळे प्राणी तेव्हा हाच कार्यक्रम बघत होते. इथे सांगितलं की एकदम सगळ्यांना कळेल, असा तिचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, बाळांनो. श्रोते चुकीचे होते.

"बीळ म्या पाडलंय," कुर्ली म्हणाली. "बांधाच्या बुडाशी हाय. पाणी तिथनंच जातंय. कुणी चांदोबाबिंदोबा न्हाई. एका गव्यानं येऊन पाय दिला तर आत्ता बुजंल."

कोतवालाने शेपूट सावरली. मग त्याने मान तिरकी केली.

"ताई, तुम्हाला इथे कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई. माझी मी आले."

"म्हणजे तुम्ही आपणहोऊन गुन्हा कबूल करताय? प्रेक्षकहो, आपणहोऊन! खरा गुन्हेगार कधी कबुली देतो का?"

"आता म्याच पाडलंय तर काय सांगू?"

"ताई, तुमची उंची किती?"

कुर्लीने नांगी वर करून दाखवली. कोतवाल कॅमेऱ्याकडे वळला.

"चार बोटं! चार बोटांची ताई एवढं तळं रिकामं करते, असं आपण समजायचं! या ताईंना पुढे करून कुणाला वाचवलं जातंय? हत्तींना? चांदोबाला? की हे दोघे आतून एकच आहेत? छोट्या विश्रांतीनंतर!"

विश्रांतीत कुर्लीला बाहेर नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून हत्तीवाले आणि चांदोबावाले एका गोष्टीवर एक झाले. कुर्ली फितूर आहे, हे दोघांनाही मान्य होतं.

मग ती भैरू गव्याच्या जाळीपाशी गेली. टेकडी चढायला तिला दीड दिवस लागला. वाटेत ओलं गवत दिसेल तिथे ती पोट टेकवून बसायची. भैरू पाय पसरून टीव्हीपुढे बसला होता. शेजारी त्याची बायको कोंडाबाई गवीण रवंथ करत होती.

"भैरूदादा, वाईच चला की," कुर्ली म्हणाली. "बांधावर एक पाऊल टाका. तुम्ही चालत होता तवर बिळं बुजत होती. तुम्ही यायचं बंद झालात आन् पाणी जायला लागलं."

"म्हणजे माझ्यामुळं गेलं म्हण की पाणी!" भैरू फुरफुरला.

"तसं न्हाई, दादा. माझी पिलं हायेत पोटाशी."

"अगं येतो की. मी काय नाही म्हणतोय का? एवढा भाग संपू दे. आज चांदोबाचं पितळ उघडं पाडणार हाय."

"जावा की हो," कोंडाबाई म्हणाली. "एका पायाचं तर काम हाय."

"तू गप. इथं पाण्याचाच तपास चाललाय आन् तुला पाण्याची काळजी?"

त्या दिवशी चांदोबाचं पितळ उघडं पडलं नाही. ते उद्या पडणार होतं. कुर्लीने तिथे दोन दिवस वाट पाहिली, मग ती उतरून खाली आली. मला या भैरूचा फार राग येतो, बाळांनो. तो दुष्ट असता तर एवढा आला नसता. तो चांगला होता. त्याला फक्त शेवट बघायचा होता.

उन्हं तापली. एका सकाळी भैरू पाण्यावर गेला तर घोटभरही पाणी नव्हतं. चिखलात पायाचे ठसे होते आणि मधोमध थोडा गाळ होता. तो वासरासारखा हंबरला. मग त्याला कुर्लीचं बोलणं आठवलं. तो बांधावर चढून बुडाशी उतरला. बिळाच्या तोंडाशी कुर्ली बसली होती. तिने नांगीने भोक दाखवलं आणि बाजूला झाली, पूर्वी व्हायची तशीच.

भैरूने पाय ठेवला. भोक बुजलं. घट्ट, गुळगुळीत, एका दमात.

"झालं की गं!" भैरू म्हणाला.

"झालं," कुर्ली म्हणाली.

आणि ती खडकाळीतून दूरच्या ओढ्याकडे तिरकी चालू लागली. निघाली तेव्हा पोटाखाली पिलं होती. पोचली तेव्हा किती होती, ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी कोतवाल पहिल्यांदाच बांधावर आला. तळं आटल्यामुळे कार्यक्रमाचा खास भाग होता.

"इथे बीळ होतं म्हणे! कुठे आहे बीळ? प्रेक्षकहो, नीट बघा. एक चीरसुद्धा नाही!" कॅमेरा खाली गेला. "पण थांबा. हा काय आहे? हा ठसा! एवढा अवाढव्य पाय कुणाचा? बांधावर कोण येऊन गेलं? मुळात इथे तळं होतं, हे तरी आपल्याला कुणी सांगितलं?"

टेकडीवर भैरू टीव्हीच्या अगदी जवळ सरकला.

"बाप रे! केवढा पाय हाय बघ!"

"अहो, तो तुमचाच की," कोंडाबाई म्हणाली. "काल गेला होतात ना?"

"गप गं. एवढा तपास करून दाखवतायत ते काय येडे हायेत? आपला पाय टीव्हीवर कशाला येईल?"

कोंडाबाईने खाली पाहिलं. भैरूच्या खुराला बांधाची माती अजून चिकटलेली होती. तहानेने तिची जीभ टाळ्याला लागली होती.

तात्पर्य : बीळ दिसलं म्हणून लगेच पाय ठेवू नये. आधी सगळे भाग पाहून घ्यावेत. पाय कुठे पळून जात नाही. पाणी जातं, पण ते गेल्याशिवाय पुढचा भाग कशावर करणार?