"ते माझ्याकडं लागलं!"

केदूनाना जेवायचे उभ्यानं. एक पाय चपलेत, उंबऱ्याबाहेर. दुसरा अनवाणी, उंबऱ्याच्या आत. दोन्ही चपला काढून बसायला या माणसाला फुरसतच नव्हती! त्यांची बायको, आमच्या ठकूकाकू, तळहातावर भाकरी ठेवायच्या, भाकरीवर पिठलं. शेवटचा घास गिळायच्या आत नाना गल्लीच्या टोकाला.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडे फोन नव्हता, गॅसला नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची. पण नाना होते. रॉकेल, रेशन, सोयरीक, तिरडी, काहीही सांगा. पिंपळगावकडचा हा गडी छातीवर हात ठेवून म्हणणार, "जा तुम्ही. ते माझ्याकडं लागलं!" आणि खरंच करणार. मी तोंडात बोट घालायचो. अहो, दोन हात, दोन पाय, एवढं उरकतो कसा?

त्यांच्या लेकीच्या लग्नात कन्यादानाला नवरीचा बापच सापडेना. भटजी खोळंबले, काकू पाटावर एकट्याच ताटकळल्या. नाना सापडले शेजारच्या कार्यालयात. तिथला आचारी आला नव्हता, म्हणून हे परक्यांच्या लग्नात बुंदी पाडत होते! "आपलं काय, घरचंच हाय," म्हणत तुपाच्या हातांनी कन्यादानाला बसले. काकू काही बोलल्या नाहीत. बोलायला नवरा समोर थांबायला तर हवा!

मग एका सकाळी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समोर बसून सारखं बोलत राहा. शब्द आले तर येतील.

थोड्याच दिवसांत मी बहिणीच्या लग्नाचं सांगायला हक्कानं गेलो. नाना काकूंसमोर मांडी घालून बसलेले, हातात कांदा. "ठकू, हे काय हाय? कां...दा." काकूंचे ओठ थरथरले. आवाज नाही.

"नाना, लग्नाची सगळी भिस्त तुमच्यावर."

"नाय जमायचं, मास्तर."

मी थक्क! 'नाय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"तुमचं लग्न कोनीबी पार पाडंल," ते म्हणाले. "हिच्यासंगं दुसरं कोन बोलंल?"

गल्लीनं नावं ठेवली. गणपतीचा मांडव नानांवाचून वाकडा उभा राहिला. राहिना का! नानांचं आपलं कांदा, वांगं, लसूण. भाजी संपली की नातेवाईक. अख्ख्या गल्लीला त्यांचं गणगोत पाठ झालं, काकूंना एक शब्द फुटेना. आपण केव्हाच हात टेकले असते. सगळ्यांची कामं करणारा माणूस मला मोठा वाटायचा. ती सगळी सोडून एका जागी बसलेला त्याहून मोठा वाटायला लागला.

थंडीच्या दिवसांत एकदा नळावर भांडणं जुंपली आणि नानांना पाणी आणायला उशीर झाला. ते दाराशी पोचतात तोच आतून घोगरा आवाज आला, "कुठं... उलथले... व्हते?"

नळावरची भांडणं जागच्या जागी थांबली. नानांच्या हातातली बादली कलंडली. ते दारातच मटकन बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"बोल, ठकू," ते म्हणाले. "आजवरचं समदं बोल."