बेलाभोवती मुक्यानं

गेल्या माघात विजयमालाबाईंनी एक नवस बोलला होता. तुम्हाला तो ठाऊक नसणारच. सांगितलेला नवस फळत नाही, म्हणून त्यांनी नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. (पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालं.)

दहावीच्या सराव परीक्षेत भुवनेश्वरी इंग्रजीत नापास झाली होती. गाइडचं पान न पान तोंडपाठ. पण 'तुमच्या शब्दांत वर्णन करा' म्हटलं, की कागद कोरा. आणि ही कोण, तर इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या ईरप्पा सरांची लेक! बाईंनी सिद्धरामेश्वराला हात जोडले. "पोरीला इंग्रजीत काढ रे बाबा. पेपर होईपर्यंत रोज तिन्हीसांजेला, ओलेत्यानं, तोंडातून अक्षर न काढता बेलाला फेऱ्या घालीन."

रोज शिकवणी सुटून सर कट्ट्यावर गेले, की फेऱ्या सुरू व्हायच्या. त्या दिवशी मात्र सरांनी मुलांना थांबवून घेतलं. आता तिन्हीसांज का कुणासाठी थांबते? बाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, पूजेची पांढरी साडी नेसली, कपाळाला विभूती फासली, हातात पणती घेतली आणि मागच्या दारानं अंगणात उतरल्या.

खिडकीतून सरांचा आवाज येत होता. ओसाड बंगल्यात फिरणाऱ्या पांढऱ्या बाईचा धडा चालला होता.

"भूत म्हणजे काय, तर आपल्याच मनातली भीती. लिहून घ्या, दोन मार्काला येतं. आणि वर्णन करायचं तर आधी नीट बघायचं!"

तेवढ्यात लाइट गेली. शेजारचे यंत्रमाग खटकन बंद पडले. दिवसभर कानात खडखडणारा तो आवाज थांबला आणि सगळी गल्ली श्वास रोखून बसल्यासारखी झाली. होटगी स्टेशनच्या बाजूला एक आगगाडी लांबलचक ओरडून गेली. वारा नव्हता, तरी बेल सळसळला.

पहिल्या फेरीला खिडकीत डोळेच डोळे दिसले. लेकरं अंधाराला भ्यालेली दिसतात, असं वाटून बाई पणती हनुवटीशी धरून मायेनं हसल्या. (ओल्या केसांच्या पाण्यानं विभूती गालांवर ओघळली होती, हे त्यांना कुठं माहीत!)

दुसऱ्या फेरीला डोळे निम्मे झाले.

पुढच्या फेरीला गुरु नावाचा एकटा पोरगा उरला होता, आ वासून. 'बाकीचे कुठं गेले?' असं बाईंनी हातानं विचारलं. तोही दिसेनासा झाला.

आता बाईच घाबरल्या. घरात काहीतरी शिरलंय आणि एकेक लेकरू उचलतंय! आणि भुवी आतच आहे! हाक मारावी, तर नवस मोडतो. त्या तशाच ओल्या पावलांनी खोलीत धावल्या. बाकं रिकामी. पुस्तकं उघडी. कॉटखालून कुणीतरी पुटपुटत होतं, "ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय..." बाईंनी पणती वर केली.

समोर कपाटाच्या आरशात केस सोडलेली, राखेनं माखलेली पांढरी बाई त्यांच्याकडेच बघत होती.

"अहोऽऽऽ!"

"विजया, पळ!" कॉटखालून सर ओरडले. "ती तुझ्या मागंच हाय!"

लाइट आली. माग खडखडू लागले. पोरं पुढच्या दारानं केव्हाच पसार झाली होती. कोपऱ्यात भुवी शांतपणे वहीत लिहीत बसली होती.

'अगं, तुला भीती नाही वाटली?' असं बाईंनी हातानंच विचारलं.

"तुझी फरफटणारी टाच मला कळत नाही व्हय, अव्वा? अप्पांनीच सांगितलं की, वर्णन करायचं तर नीट बघायचं. मग बघितलं."

"आणि आम्हाला सांगायचं न्हाय?" सर कोळिष्टकं झटकत म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तुम्ही कॉटखाली कसे गेला असता?"

ओरडणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं सिद्धरामेश्वराला समजावून बाईंनी दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या पुढं चालू ठेवल्या. आता सर दाराशी बसून राखण करत. कुणाची, ते विचारू नका.

बोर्डाच्या पेपरात 'भीतिदायक संध्याकाळचं वर्णन करा' असंच आलं. भुवीनं पुरवणी घेतली आणि चांगल्या मार्कांनी सुटली. पेढ्याचा पुडा देवापुढं ठेवून बाईंनी कौतुकानं विचारलं, "काय गं लिहिलंस माझ्याबद्दल?"

"सगळं. ओले केस, राख, टाच. आणि शेवटी लिहिलं, की एवढं भयंकर भूत मी पुन्हा बघितलं नाही. ते स्वतःलाच बघून किंचाळलं."

तर बायांनो, तुमच्याही घरी दहावीचं लेकरू असेल, तर खुशाल असा नवस बोला. देव ऐकतो. फक्त आधी आरशावर चादर टाका.